एक कॅप्सूल कमी

नर्सने बाटली ताटलीत उपडी केली आणि टप्प असा एकच आवाज झाला. दोन व्हायला हवे होते. तिने बाटलीत डोकावून पाहिलं, बुडावर बोटाने दोनदा टिचक्या मारल्या, झाकणाखालचा कापूस ओढून काढून झटकला. काही पडलं नाही. "एकच आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, जरा सर्दी झाल्यासारखा. "काकू, तेवीस दिल्या होत्या. एकवीस दिवसांच्या एकवीस. म्हणजे दोन परत यायला हव्यात. एखाद्या दिवशी चुकून दोन घेतल्या का?" खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसला होता. मांडीवर बायकोची पर्स, पर्सवर स्कॅनचं मोठं पाकीट. त्याच्या कानांच्या पाळ्या एकदम तापल्या. आपण आता बोलायला हवं, हे त्याला कळलं. तोंड उघडायला लागणारा वेळ होता, हवा होती, दोन माणसं ऐकायला होती. तो पाकिटाचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिला. "नाही," बायको म्हणाली, "एक बेसिनमध्ये पडली. हात ओले होते. गेली वाहून." हे तिने इतक्या सहज सांगितलं, की क्षणभर त्याला स्वतःलाच ती घरच्या बेसिनमध्ये गोल फिरून जाळीत नाहीशी होणारी पिवळी-करडी कॅप्सूल दिसली. नर्सने लिहून घेतलं. "पुढच्या वेळी असं झालं तर त्याच दिवशी फोन करा हं. प्रत्येक कॅप्सूल कुठे गेली ते आम्हाला वर कळवावं लागतं." बायकोने मान डोलावली. त्याच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही, आणि त्यावरूनच तो समजायचं ते समजला.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. ती खिडकीशी बसली. कंबरेतल्या हाडाला धक्का लागू नये म्हणून पाठीमागे घ्यायची छोटी उशी त्याने पिशवीतून काढून दिली, ती तिने घेतली, "हं" म्हणाली. एरवी दवाखान्यातून परतताना ती नर्सची नक्कल करायची. नर्सला तिने 'मोजणीबाई' असं नाव ठेवलं होतं: वजन मोजते, ताप मोजते, कॅप्सूल मोजते, एखाद्या दिवशी माझे दात मोजेल. नावं ठेवणं हा तिचा जुना छंद. लग्नाआधी टायपिंगच्या वर्गात भेटले तेव्हापासून ती त्याला 'थेंबेसाहेब' म्हणायची, कारण शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तो दिवसभर काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडत बसतो, हे त्याने पहिल्याच दिवशी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. अरे-तुरेही तेव्हापासूनचंच, सासूबाईंनी नाक मुरडलं तरी टिकलेलं. आज नक्कल नव्हती. रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि ती खोदलेल्या खड्ड्यातल्या पाइपांकडे बघत होती. पंचवीस वर्षं तिने न्यायालयात लघुलेखकाचं काम केलं. साक्षीदार काय बोलतो ते टिपायचं; खरं की खोटं हे ठरवणं आपलं काम नाही. पण घरी आली की चहा पिता पिता ती अचूक सांगायची, आज कोण खोटं बोललं. खोटं बोलणारा माणूस बारीकसारीक तपशील देतो, असं तिचं म्हणणं. 'हात ओले होते' हा तपशील होता. त्याला वाटलं, आता विचारेल, या थांब्यानंतर विचारेल. तिने विचारलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी जरा पडते," आणि खोलीचं दार लोटून घेतलं. तो स्वयंपाकघरात उभा राहिला.

मुळात नव्या औषधाच्या या चाचणीला तिच्यापेक्षा तोच जास्त तयार होता. स्तनाचा कॅन्सर काढून टाकल्याला सहा वर्षं झाली होती, सगळे तो विसरल्यासारखे वागायला लागले होते, आणि मग तिची कंबर दुखायला लागली. वयोमानाने दुखत असेल म्हणून दोन महिने शेक घेण्यात गेले. स्कॅनमध्ये कंबरेच्या हाडात आणि यकृतात डाग निघाले. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्याहून लहान. बोलताना पेनचं टोपण काढायच्या आणि लावायच्या. त्यांनी काही लपवलं नाही. हा आता पुरता जाणार नाही, म्हणाल्या, पण दाबून ठेवता येईल, आणि किती काळ ते औषधावर आहे. नेहमीची हार्मोनची गोळी सगळ्यांनाच मिळते. तिच्या जोडीला एक नवीन औषध आलंय, त्याची चाचणी चालू आहे. निम्म्या बायकांना ते औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला कोणती ते संगणक ठरवतो. "मलाही माहीत नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे ऐकून बायकोच्या कपाळावर आठी चढली आणि तो मात्र ओळखीचं माणूस भेटल्यासारखा पुढे सरसावला. त्याच्या प्रयोगशाळेत दर महिन्याला मुख्य कचेरीतून नुसता नंबर घातलेली बाटली यायची. आत काय आहे ते सांगायचे नाहीत. तपासणाऱ्यालाच तपासायची ती युक्ती. एकोणतीस वर्षांत त्याचं उत्तर एकदाही चुकलं नव्हतं. "हीच पद्धत बरोबर आहे," घरी येताना त्याने बायकोला समजावलं, "माहीत असलं की माणसाला जे हवं तेच दिसतं." ती म्हणाली, "म्हणजे मी आता तुझी बाटली." चाचणीतला तिचा नंबर एक्केचाळीस होता. पुढे कितीतरी दिवस दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला की ती म्हणायची, "बाटली एक्केचाळीस बोलतेय." लेक हसायची आणि मग पुढचा स्कॅन कधी ते विचारायची.

पहिला महिना त्याने शहाण्यासारखा काढला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. संमतीपत्राच्या अकराव्या पानावर औषधाचे त्रास लिहिले होते: पांढऱ्या पेशी कमी होणे, थकवा, मळमळ, केस विरळ होणे. बायकोला यातलं काहीच होत नव्हतं. ती तरतरीत दिसत होती, दुखणं कमी होतं, एका रविवारी तिने माळ्यावरचे डबे काढून पुसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तोंडावर तेज आलंय हो." तेज कशाला यायला हवं होतं? औषध अंगात गेलं असतं तर अंगाने सांगितलं नसतं का? तो तिच्या कंगव्यात अडकलेले केस बघायला लागला. बघून झालं की कंगवा होता तसाच ठेवायचा, दात भिंतीकडे करून. रक्ताचा रिपोर्ट आला की आधी पांढऱ्या पेशींचा आकडा. तो आकडा कमीत कमी असायला हवा त्या रेषेच्या जरासा वर येऊन थांबला होता, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. ती सकाळी उशिरापर्यंत झोपली की तो हलकेच खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा. थकली आहे का? आणि ती डोळे उघडून म्हणायची, "काय रे?" तेव्हा तिच्या आवाजात झोप असायची, थकवा नसायचा.

मग एका सकाळी ती आंघोळीला गेली असताना त्याने बाटली उघडली. एकवीस संपल्या की दोन उरतात, म्हणजे तिची एकही कॅप्सूल चुकणार नाही. चोरी करतानाही त्याने एवढा विचार केला होता. एक कॅप्सूल काढून त्याने चष्म्याच्या घरात ठेवली. दुपारी प्रयोगशाळेतले बाकीचे जेवायला गेले. त्याने कॅप्सूलची दोन टोकं फिरवून वेगळी केली. आत पांढरी पूड. जिभेच्या टोकाला लावून पाहिली. किंचित कडू, पण खडूसुद्धा कडू लागतो, आणि त्याचं तोंड सकाळपासून कडूच होतं. उरलेली पूड परीक्षानळीत घालून पाणी ओतलं, हलवली, आणि मग जे औषध ओळखायला आपल्याकडे काहीच नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यासाठी त्याने हाताशी असलेली एकच गोष्ट केली: आयोडीनचा एक थेंब सोडला. पाण्यातला क्लोरीन मोजताना वर्षानुवर्षं हाच रंग त्याने पाहिला होता. थेंब खाली उतरता उतरता गडद निळा झाला. स्टार्च. नुसता स्टार्च, त्याच्या मनाने म्हटलं. त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात एकोणतीस वर्षं काम केलेला रसायनतज्ज्ञ बसला होता, तो म्हणत होता, अरे, प्रत्येक कॅप्सूलमध्ये भर म्हणून स्टार्च घालतात, खऱ्यातही, खोट्यातही. यावरून तुला काहीही कळलेलं नाही. त्याचं कोण ऐकतो. पाठीमागे दार वाजलं तेव्हा त्याने नळी घाईघाईने धुतली. निळं पाणी बेसिनमधून गेलं. हेही नंतर त्याला बोचत राहिलं, की बायकोने जे सांगितलं त्यातलं बेसिन तेवढं खरं होतं.

त्या दिवसापासून तो दोन घरांत राहायला लागला. एका घरात बायको औषधावर होती आणि गोळ्यांच्या डब्यावर आठवड्याचे वार लिहिलेले होते. दुसऱ्या घरात बायको रोज सकाळी पाण्याबरोबर पूड गिळत होती आणि हे एकट्या त्यालाच माहीत होतं. या दुसऱ्या घरातून पहिल्या घराकडे बघताना त्याचा जीव तुटायचा. ती कॅप्सूल घेऊन जीभ बाहेर काढायची, "घेतली, बघ," तेव्हा त्याला तिची मान धरून सांगावंसं वाटायचं, नको घेऊस. डॉक्टरीणबाईंवर तो मनातल्या मनात ओरडायचा. चाचणीतून बाहेर पडायचं का, असं दोनदा त्याने आडून विचारलं. "का?" ती म्हणाली. "नाही, सहज." सहज असं काही त्या दिवसांत उरलं नव्हतं. आणि ती कॅप्सूल मोजायची सकाळ होऊन गेल्यावर तर बोलायचं दारच बंद झालं. ती खोटं बोलली होती, म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून विचारत नव्हती. त्याने सांगायचं ठरवलं की तिचा चेहरा बघायचा, आणि तो चेहरा त्या आठवड्यात विलक्षण मऊ झालेला असायचा. जाता येता ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. एकदा त्याला सर्दी झाली तर दोनदा कपाळ चाचपून "अंगात कणकण नाही ना? मळमळ? पोट ठीक आहे?" असं विचारत बसली. त्याला काही उमजलं नाही.

चौथ्या महिन्यात एका दुपारी तिला उलटी झाली. ती न्हाणीघरात धावली, तो मागोमाग गेला. एका हाताने तिचे केस मागे धरले, दुसऱ्या हाताने पाठ चोळली. पाठीचे मणके हाताला लागत होते. तिला दुसरी उबळ आली, तिसरी आली. आणि त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, उबदार झालं. मळमळ, अकरावं पान, तिसरी ओळ. खरं औषध आहे. खरंच आहे. त्याने टॉवेल पुढे केला. ती वर झाली, चूळ भरली, आणि आरशात तिची नजर त्याच्यावर पडली. तो तोंड आवरू शकला नाही.

"मला उलटी झाली की तुझा चेहरा खुलतो," ती म्हणाली.

"काहीतरीच काय."

"मागच्या आठवड्यात चक्कर आली तेव्हाही. मला वाटलं, भास झाला." ती आरशातूनच बोलत होती. "काय चाललंय तुझं?"

मग त्याने सांगितलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं. कंगव्यातले केस, पांढऱ्या पेशी, चष्म्याचं घर, दुपारची रिकामी प्रयोगशाळा. तिने सगळं ऐकून घेतलं. ऐकायची सवय असलेली बाई. तो थांबला तेव्हा नळ ठिबकत होता. तिने तो घट्ट केला.

"कॅप्सूल तू घेतलीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "घरात दोनच तर माणसं. पण मला वाटलं, तू गिळलीस."

"गिळली?"

"म्हणजे मला काय काय होतंय ते स्वतःला होऊ देऊन बघायला. माझ्याबरोबर." ती हसल्यासारखी झाली. "म्हणून मी खोटं बोलले. मला बरं वाटलं होतं रे. इतक्या वर्षांत तू असला वेडेपणा कधी केला नाहीस, म्हटलं, आता तरी केला."

कपाळ चाचपणारा तो हात त्याला आता कळला. आपण खरंच ती गिळली असती तर किती सोपं होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि ते आपल्याला सुचलंसुद्धा नाही, हे त्याहून वाईट.

"आणि काय निघालं?" तिने विचारलं.

"निळा रंग आला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. स्टार्च सगळ्यातच असतो. खऱ्यातसुद्धा."

"मग इतके दिवस कसलं सुतक धरून बसला होतास?" तिने टॉवेल दांडीवर टाकला, नीट सारखा केला. "पंचवीस वर्षं मी लोकांची खोटी साक्ष लिहून घेतली. द्यायची वेळ तू आणलीस. आता मोजणीबाईला सांगायचं ते तूच सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

पुढच्या खेपेला त्याने सांगितलं. तिने पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली आणि त्याला नर्सच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायला लावलं. तो शाळेत उभं केलेल्या मुलासारखा बोलला. मी कॅप्सूल घेतली, उघडली, माझ्या प्रयोगशाळेत... इथे नर्सने एकदम हात वर केला, रहदारीचा पोलीस करतो तसा. "काका, काय निघालं ते सांगू नका. मला कळता कामा नये." मग तिने एक कागद काढला, दोन ओळी लिहिल्या, सही घेतली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नाही. "तुम्ही पहिले नाही. एका काकांनी कॅप्सूल कुत्र्याला घातली होती. कुत्रा ठणठणीत राहिला म्हणून ते बायकोला चाचणीतून काढायला आले होते." बायको खो खो हसली. किती तरी दिवसांनी. हसता हसता तिचा हात कंबरेवर गेला. डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेऊन त्याला सरळ विचारलं, पुढे असं करणार का; नसाल तर चालू ठेवू. तो नाही म्हणाला. तो शब्द त्याने पाळला. कंगव्याकडे बघायचं त्याने सोडलं, निदान हात लावायचं सोडलं.

पाचव्या महिन्यात यकृतातले डाग लहान झाले. आठव्या महिन्यात होते तेवढेच राहिले. ते महिने तसे चांगले गेले, असं नंतर म्हणता येण्यासारखे. तेव्हा त्यांना प्रत्येक स्कॅनच्या आधीचे चार दिवसच तेवढे आठवायचे. लेक येऊन दहा दिवस राहून गेली. ती आईच्या शेजारी पालथी पडून पुस्तक वाचायची आणि तो स्वयंपाकघरातून दोघींच्या पाठी बघायचा, एकसारख्याच रुंद, एकसारख्याच जरा वाकलेल्या. लेकीलाही तपासण्या करून घ्यायला सांगितलं होतं. त्या ती करून घेते की नाही, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. अकरावा महिना उलटला आणि स्कॅन झाला, आणि डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं ते परत लावलंच नाही. यकृतात दोन नवे डाग होते. जुने वाढले होते. "चाचणीच्या नियमाप्रमाणे ही कॅप्सूल आता थांबवायची," त्या म्हणाल्या. "पुढचं औषध ठरवायला मला संकेतक्रमांक उघडून घ्यावा लागेल. तुम्ही काय घेत होता ते दोन-तीन दिवसांत कळेल. खोटी असेल, तर खरं औषध देऊन बघण्याची सोय चाचणीत ठेवलेली आहे."

हे वाक्य त्याच्या कानात शिरलं आणि त्याच्या आत सगळं फिरलं. अकरा महिने त्याने ज्याची भीती धरली होती, तेच आता मागायचं होतं. खोटी निघू दे. प्रयोगशाळेत नळीतून थेंब सोडताना, बसच्या रांगेत, दाढी करताना एकच: खोटी असू दे, सगळी पूड असू दे, म्हणजे खरं औषध अजून शिल्लक आहे. प्रयोगशाळेतली ती दुपार आठवून त्याला पहिल्यांदाच आशा वाटली, आणि त्या आशेचा आधार काय, तर आपल्यालाच खोटा ठाऊक असलेला पुरावा. बायकोची उलटी त्याने मनातल्या मनात परत परत तपासली. त्या दिवशी तिने बाहेरचं काही खाल्लं होतं का? पित्त असेल. पित्तच असणार. तिच्या पाठीवर हात ठेवून सुखावलेला तो माणूस त्याला आता परका वाटत होता. बायको मात्र त्या तीन दिवसांत कपाटं आवरत होती. न लागणारे कपडे एका ढिगात, लागणारे दुसऱ्या ढिगात, आणि दुसरा ढीग लहान होता.

"खरं औषध होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

खोलीत यंत्राचा थंड वारा येत होता. त्याने पाकिटाचा कोपरा शोधला; पाकीट आज बायकोकडे होतं. "बरं," ती म्हणाली, "म्हणजे मी अकरा महिने उगाच घेत नव्हते." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. पुढे सलाइनमधून द्यायचं जुनंच औषध, त्याचे त्रास, तारखा. नर्सने शेवटच्या कॅप्सूल मोजून घेतल्या. बरोबर भरल्या. खाली जायच्या लिफ्टमध्ये दोघंच होती. आकडे उतरत होते. "तू काय मागत होतास?" तिने विचारलं. तो म्हणाला, "खोटी." ती म्हणाली, "मीसुद्धा," आणि दार उघडेपर्यंत त्याच्या बाहीला धरून उभी राहिली.

त्यानंतर ती सात महिने होती. केस गेले, जेवण गेलं, कंबर पुन्हा दुखायला लागली. मग डोळ्यांत पिवळेपणा आला. आणखी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. पण तिथे रक्ताचे आकडे चांगले लागतात, आणि तिचे तसे उरले नव्हते. तो तरीही फॉर्म घेऊन आला. तिने चष्मा लावून पहिली दोन पानं वाचली आणि परत दिला. "हे दुसऱ्या कोणाला तरी द्या," म्हणाली, जणू तो फॉर्म वाटणाराच होता. शेवटचे पंधरा दिवस लेक आली होती. एका सकाळी साडेनऊला, लेक औषध मोजून घेत असताना आणि तो दूधवाल्याला दार उघडायला गेला असताना, ती गेली. तो परत आला तेव्हा लेकीच्या हातात अजून चमचा होता.

दोन महिन्यांनी नर्सचा फोन आला. चाचणीतून बाहेर पडलेल्यांचीही दर तीन महिन्यांनी चौकशी करायची असते, हे तो विसरला होता. "काका, काकू कशा आहेत?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. मग तिने तारीख विचारली. त्याने तारीख दिली, महिना दिला, वर्ष दिलं. "लिहिली," ती म्हणाली. फोन तिने लगेच ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. तिच्या पाठीमागे कोणीतरी कोणाला तरी वजनकाट्यावर उभं राहायला सांगत होतं.

दोन वर्षांनी जाड पाकीट आलं. तो तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. टेबलाचे खण रिकामे करणं चाललं होतं. पत्र साध्या भाषेत लिहिलेलं होतं. चाचणी संपली. औषधाचा उपयोग होतो असं दिसून आलं. नेहमीच्या गोळीवर आजार निम्म्या बायकांमध्ये चौदा महिन्यांच्या आत पुन्हा वाढला. नव्या औषधाची जोड दिली तेव्हा तेवढं व्हायला चोवीस महिने लागले. औषध आता सगळ्यांना मिळेल. ज्या सहाशे बारा स्त्रियांनी भाग घेतला, त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आभार. खाली एक आलेख होता. आजार न वाढलेल्या बायकांच्या दोन रेघा डावीकडे वरून एकत्र निघत होत्या आणि पायरीपायरीने खाली उतरत होत्या. नुसत्या गोळीची तुटक रेघ आधी कोसळत होती, नव्या औषधाची जाड रेघ तिच्या वर सावकाश चालली होती. त्याला आलेख वाचायला कोणी शिकवायची गरज नव्हती. प्रत्येक पायरी म्हणजे कोणीतरी. त्याने खणातली पट्टी काढली, खालच्या आडव्या रेषेवर अकरा महिने शोधले, तिथून जरा पुढे सरकला आणि पट्टी उभी धरली. जाड रेघेवर तिथे एक बारीकशी पायरी होती, केसाएवढी. ती एकटीची असेल, किंवा तीन-चारजणींची मिळून. तिचे चौदा महिनेसुद्धा झाले नव्हते. नुसत्या गोळीवाल्या निम्म्या बायका तिच्यापुढे गेल्या होत्या. आयुष्यभर त्याने कनिष्ठ सहकाऱ्यांना सांगितलं होतं, सरासरी म्हणजे कोणी एक थेंब नव्हे. ते त्याला पाठ होतं. त्याचा आता काही उपयोग होईना. मात्र ती पायरी उतरून रेघ संपत नव्हती, कागदाच्या पार उजव्या कडेपर्यंत गेली होती, हे त्याने दोनदा पाहिलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिलाही आजच पत्राची प्रत मिळाली होती. "बाबा, वाचलंत?"

"वाचतोय."

"म्हणजे औषध चांगलं निघालं ना?"

"चांगलं निघालं."

"बाबा, मी तपासणी करून आले. गेल्या आठवड्यात. काही नाही निघालं. तुम्ही विचारत नव्हता म्हणून मीही सांगत नव्हते."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. पट्टी जरा हलली होती. त्याने ती परत जागेवर आणली आणि बोटाने दाबून धरली.

"आणि आईला?" लेकीने विचारलं. "आईला त्याचा काही फायदा झाला का?"

"आई इथे आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"आलेख काढ तुझ्यापुढे. जाड रेघ धर." लेकीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. तो थांबला. "अकराव्या महिन्याच्या जरा पुढे ये. सावकाश ये."